सोपी भाषा, न दिसणारे अडथळे

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात पहिल्या दिवशी दुपारी केलेल्या मांडणीचा मजकूर)



जेवायला बसलो तेव्हा एक ताई मला म्हणाल्या, "दहावीनंतर गणित सुटलं म्हणून मी नारळ फोडला होता. आता तुम्ही परत कुठं त्यात ढकलता?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. आपल्यापुढे रोज जी कामं असतात, म्हणजे पोलीस ठाणं, संरक्षण अधिकाऱ्याकडचे हेलपाटे, मध्यरात्री येणारे फोन, त्यात कॉम्प्युटरची भाषा शिकायची ही चैन वाटते. मी स्वतः कॉम्प्युटरच्या क्षेत्रातली नाही. एमएसडब्ल्यू केलं, आणि गेली अकरा वर्षं तालुक्याच्या केंद्रात बसते. पायथॉन नावाची भाषा मी शिकले ती नोंदवह्यांपायी.

आपल्या नोंदवह्या कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक बाईचं एक पान. वय, गाव, लग्नाला किती वर्षं, मुलं किती, कसला त्रास, कोणतं कलम, पुढे काय झालं. मार्च आला की या पानांचे आकडे करायचे. आमच्याकडे त्यासाठी एका ओळखीच्या मुलाला बोलावायचे. तो दोन तासांत तक्ते काढून द्यायचा, आम्ही सही करायचो आणि कागद जिल्ह्याला जायचा. बायका आमच्याकडे आलेल्या, पानं आम्ही लिहिलेली, पण आकडा कसा निघाला हे विचारलं तर केंद्रातल्या एकीलाही सांगता येत नसे. चळवळीत आपण इतकी वर्षं म्हणत आलो की बाईचं काम मोजलं जात नाही. मग मोजण्याचं काम दुसऱ्याच्या हाती का ठेवायचं? आमच्या केंद्रातल्या चौघी शिकायला बसल्या त्या या मुद्द्यावर.

पायथॉनबद्दल सगळे पहिली गोष्ट सांगतात ती ही की ती सोपी आहे. ते खोटं नाही. नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅमला गणित आणि संगणकशास्त्राची एक संशोधन संस्था आहे. तिथे 'एबीसी' नावाची भाषा तयार केली होती, मुद्दाम अशा लोकांसाठी की ज्यांचा तो धंदा नाही. त्या कामावर असलेल्या खीदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत स्वतःची भाषा लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांना खुली केली. नाव सापावरून नाही, ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून आहे. ती फुकट मिळते. तिच्यात ठरीव शब्द अवघे पस्तीस, आणि वाचायला ती साध्या इंग्रजीसारखी. 'प्रिंट' लिहून कंसात आपलं नाव अवतरणात टाकलं की पडद्यावर नाव उमटतं. पहिल्या दिवशी आमच्यातली प्रत्येकजण खूश होती.

पण सोपी म्हणजे कोणाला सोपी, हा प्रश्न आपण विचारायला हवा. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातल्या बाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवून देणारी व्यवस्था उभी करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत त्या होत्या. १९५० च्या दशकात त्यांनी आग्रह धरला की कचेरीतल्या माणसाला गणिती चिन्हं नकोत, रोजचे शब्द हवेत. आणि एकदा त्यांनी आपल्या वरिष्ठांना दाखवून दिलं की यंत्राला त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मनमध्येही देता येतात. वरिष्ठ खूश होण्याऐवजी घाबरले! अमेरिकेत बनलेलं यंत्र परक्या भाषा कशा समजेल, असा त्यांचा सूर होता. यंत्राला इंग्रजीही समजत नाही, फ्रेंचही नाही. इंग्रजी ही निवड होती. ती निवड अजून तशीच आहे. २००८ मध्ये पायथॉनची तिसरी पिढी आली तेव्हापासून आपण ठेवायची नावं मराठीत ठेवता येतात, 'वय', 'गाव', 'पोटगी' असं लिहिलं तर चालतं. पण ते पस्तीस शब्द इंग्रजी, आणि चुकलं की येणारा संदेशही इंग्रजी.

तरी इंग्रजी हा अडथळा दिसणारा आहे. पस्तीस शब्द आपण पाठ करू शकतो, आपण कायद्याची कलमं पाठ केली आहेत. मला आज बोलायचं आहे ते न दिसणाऱ्या अडथळ्यांबद्दल.

शिकताना बहुतेक बायका लाल अक्षरांना घाबरतात. कंस बंद केला नाही, अवतरण राहिलं, की काम थांबतं आणि संदेश येतो. आमच्यातली एकजण तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक लाल ओळीला "सॉरी" म्हणायची. घरी कोणी आवाज चढवला की आपणच काहीतरी केलं असणार, ही सवय मशीनपुढेही सुटत नाही. पण हे संदेश कामाचे असतात. २०२१ च्या आवृत्तीपासून तर कुठला कंस उघडा राहिला तेही ती सांगते. जी चूक ओरडते ती पाच मिनिटांत दुरुस्त होते. भीती बाळगायची ती पायथॉन काहीच न बोलता उत्तर देते तेव्हा. आकडा येतो, सुबक येतो, आणि चुकीचा असतो.

वयाचं उदाहरण घेऊ. आपल्याला अठराच्या आतल्या मुली मोजायच्या आहेत, कारण तिथे २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. नोंदवहीची फाईल पायथॉन वाचते तेव्हा साध्या पद्धतीत त्यातलं सगळं ती अक्षरं म्हणूनच घेते. आपल्या डोळ्यांना ९ हा आकडा दिसतो, तिच्या लेखी ते 'क' किंवा 'ख' सारखं एक अक्षर. अशा अक्षरी वयाची तुलना खऱ्या अठराशी केली तर ती ओरडते आणि आपण वाचतो. पण अठराही अवतरणात लिहिले असतील, तर ती शब्दकोशासारखी तुलना करते. आधी पहिलं अक्षर बघायचं. नवाचं पहिलं अक्षर ९, अठराचं १. नऊ एकाच्या नंतर येतो, म्हणून ९ मोठा, १८ लहान. म्हणजे चौदा वर्षांची मुलगी मोजली जाते आणि नऊ वर्षांची गळते. दोन ते नऊ वयाच्या सगळ्या मुली गळतात. उलट शंभर वर्षांची आजी आली तर ती अल्पवयीन ठरते. आजी हसण्यावारी नेता येईल, मुली नेता येत नाहीत. आणि अहवालात 'अल्पवयीन' या शब्दापुढे काहीतरी आकडा असतोच, त्यामुळे कोणी शंकाही घेत नाही.

यात आपल्या देवनागरी आकड्यांची भर. काही पानांवर १७ मराठीत, काहींवर इंग्रजीत. 'याचा पूर्णांक कर' असं सांगितलं तर पायथॉनला मराठी सतराही समजतात, हे फार जणांना माहीत नसतं. पण ते न सांगता नुसती अक्षरं म्हणून तुलना केली तर मराठी आकडे इंग्रजी आकड्यांच्या नेहमीच पुढे जातात, म्हणजे मराठीत लिहिलेली सतरा वर्षांची मुलगी इंग्रजीत लिहिलेल्या अठरापेक्षा मोठी. म्हणून फाईल वाचली की पहिलं काम, वयाच्या रकान्याचे खरे आकडे करून घ्यायचे.

दुसरा अडथळा नावांचा. हा समजायला शिकवणीतल्या मुलांना वेळ लागतो, आपल्याला लागू नये. समजा, एका यादीचं नाव 'मूळ' ठेवलं. मग लिहिलं, 'प्रत बरोबर मूळ'. आपल्याला वाटतं झेरॉक्स निघाली. तसं होत नाही. यादी एकच राहते, तिला नावं दोन होतात. लग्नात नवऱ्याकडचे ताटात तांदळावर नवीन नाव लिहितात, माहेरची सुमन सासरी वैशाली होते. नावं दोन, बाई एकच. वैशालीचा हात भाजला तर सुमनचाही भाजतो. आता बघा, अहवालासाठी आपण 'प्रत' मधून बायकांची नावं काढून टाकली, ओळख लपावी म्हणून. 'मूळ' मधलीही गेली. त्यावर 'साठवा' म्हटलं की नोंद कायमची गेली. पायथॉन हूं की चूं करत नाही, कारण तिच्या नियमाप्रमाणे काही चुकलेलंच नाही.

यावर 'कॉपी' ही सूचना आहे, पण तिथेही एक खाच आहे. यादीच्या आत याद्या असतील, म्हणजे प्रत्येक बाईची ओळ ही स्वतः एक यादी असेल, तर साधी कॉपी वरचं वेष्टण नवं देते, आतल्या ओळी जुन्याच राहतात. पार आतपर्यंत प्रत हवी तर 'डीपकॉपी' मागावी लागते. सुरुवातीच्या पुस्तकांत हे बरंच मागे येतं. आपल्यासारख्या कामात ते पहिल्या आठवड्यात यायला हवं, कारण गुप्तता हा आपल्याकडे पुढचा धडा नसतो. आम्ही तर एक नियमच केला आहे: मूळ फाईल पेन ड्राइव्हवर, आणि तो कपाटात कुलपात.

तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मुलं किती, या रकान्यात एका पानावर शून्य आहे आणि दुसऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही. आपल्याला फरक माहीत आहे. शून्य म्हणजे मूल नाही, आणि कदाचित त्यावरूनच छळ चालू आहे. कोरं म्हणजे विचारलंच नाही, किंवा बाई इतकी रडत होती की विचारवलं नाही. पायथॉनला 'इफ' आणि पुढे नुसतं 'मुलं' असं लिहून विचारलं, तर आकड्यातला शून्य आणि कोरी जागा दोन्हींना ती 'नाही' समजते. दोघी एकाच ढिगात. आम्ही कोऱ्या जागेसाठी 'विचारलं नाही' असं चक्क दोन अक्षरांत, 'विना', लिहायला लागलो. बरं, ती दोन अक्षरं आपली, पायथॉनच्या हिशेबी चार. तिकडे येतेच.

समास हाही एक विषय आहे, तो उद्या हाताने करूनच कळेल. या भाषेत कंसांऐवजी ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. मोजणीची ओळ अटीच्या आत असेल तर अट पाळणाऱ्याच बायका मोजल्या जातात, ती चार मोकळ्या जागा बाहेर सरकली तर सगळ्या. व्हॉट्सॲपवरून एकमेकींना कोड पाठवू नका. तिथे समास बिघडतो, सरळ अवतरणांची वाकडी होतात, आणि गुणाकाराच्या तारका कधी कधी अक्षरं ठळक करून स्वतः नाहीशा होतात. फाईलच पाठवा.

आता मराठीबद्दल. 'स्त्री' या शब्दाची लांबी पायथॉनला विचारा. ती सहा सांगते. स, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, त, पुन्हा पाय मोडणारं चिन्ह, र आणि वेलांटी. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्याचे सहा तुकडे. हे गमतीचं वाटेल, पण गावांच्या नावात गंमत राहत नाही. कऱ्हाड घ्या. यातला अर्धा ऱ तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो, कीबोर्ड कोणता त्यावर अवलंबून. एकात ऱ हे सबंध अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि खाली नुक्ता, तिसऱ्यात साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. पायथॉनला विचारलं की हे एकच गाव आहे का, तर ती नाही म्हणते. शिवाय काहीजण कराड लिहितात ते चौथं. एका गावच्या बायका चार ओळींत विभागल्या जातात, प्रत्येक ओळीचा आकडा लहान, आणि 'इथे फारसा प्रश्न नाही' म्हणून फिरतं केंद्र दुसरीकडे जाऊ शकतं. यावर रूपं एकसारखी करण्याची सोय भाषेत आहे, पण तिने पहिली दोनच एक होतात, तिसरं आपल्यालाच बदलून घ्यावं लागतं. सगळ्यांत बरा उपाय जुनाच: प्रत्येक गावाला क्रमांक द्या आणि क्रमांकावर मोजा.

नावांची यादी लावायला सांगितली तर काळे आधी येतात आणि कासार नंतर, कारण संगणकाच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी ठेवलेला आहे, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही. क्षीरसागर क च्या शेवटी सापडतील. एखादी नोंद मिळत नाही म्हणून 'ही बाई आमच्याकडे आलीच नव्हती' असं कोर्टात सांगण्याआधी हे आठवा.

आणखी एक गोष्ट भाषेची नाही, पण तिच्यामुळे झाकली जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं जे ४९८ अ होतं ते आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनंच कलम लागतं, म्हणून नोंदवहीत दोन्ही सापडतात. जुना प्रोग्राम '४९८' शोधतो. तो आज चालवला तर पडद्यावर झकास उतरता आलेख येईल, जणू सासरचा छळ संपत चालला आहे! छळ तिथेच आहे, कलमाचा नंबर बदलला. हा आलेख एखाद्या बैठकीत कोणी 'प्रगती' म्हणून दाखवला तर तिथे उठून, तुमचा प्रोग्राम काय शोधतो ते सांगा, असं विचारता आलं पाहिजे. मला पायथॉन येण्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो. आपण सगळ्यांनी प्रोग्रामर व्हावं असं माझं अजिबात म्हणणं नाही.

शिकण्याच्या परिस्थितीबद्दल थोडं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्के जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. आपल्या तालुक्यांत लॅपटॉप बहुधा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, तो रात्री भांडी झाल्यावर मिळतो. मोबाईलवर शिकता येतं, पण दर ओळीला कंस आणि अवतरणासाठी कीबोर्ड तीनदा बदलावा लागला की उत्साह आटतो. 'कोणालाही महिनाभरात येईल' अशी जाहिरात असते तेव्हा त्या 'कोणालाही'ला स्वयंपाक नसतो. महिन्यात आलं नाही की आपल्याच डोक्यात कमी आहे असं बाई धरून चालते, आणि सोडते. सोपं म्हणून सांगितलेलं जमलं नाही की लाजही जास्त वाटते. अवघड म्हणून सांगितलं असतं तर तिने मदत मागितली असती. म्हणून आम्ही एकटीने शिकायचं नाही असं ठरवलं. बुधवारी दुपारी दोन तास, चौघी, एक मशीन, आणि प्रत्येकीने आळीपाळीने कीबोर्डवर बसायचं. ज्या ताईंना चष्म्याशिवाय पडदा दिसत नाही त्या वही घेऊन हाताने मोजायच्या, आणि सर्वांत जास्त गडबडी त्यांनीच पकडल्या.

आता कोणी म्हणेल, हे शिकायचं कशाला, एआयला मराठीत सांगितलं की तो कोड लिहून देतो. देतो, आणि पुष्कळदा चांगला देतो. ओरडणाऱ्या चुका त्यामुळे कमी होतील. पण कोरी जागा आणि शून्य यांत आपल्या नोंदवहीत काय फरक आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं, आणि ते सांगायचं असतं हेच आधी कळावं लागतं. दुसरं, त्याला दाखवायला म्हणून नोंदवहीची पानं तिथे चिकटवू नका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि कलम नसतं तरी बाईने आपल्याला सांगितलेलं ते आपल्यापाशी राहायला हवं. खोटी पाच पानं तयार करून ती द्या.

उद्या सकाळी तेच करणार आहोत. वीस पानं मी बनवून आणली आहेत, नावं सगळी कल्पित. वयं मुद्दाम दोन्ही लिपींत आहेत, कऱ्हाड तिन्ही तऱ्हांनी आहे, चार रकाने कोरे आहेत आणि दोघींच्या पुढे शून्य. आधी अर्धा तास पेन्सिलने मोजायचं, पाच-पाचच्या रेघा मारून, आणि उत्तर वहीत लिहून पान उलटं ठेवायचं. मगच मशीनला विचारायचं. या वीस जणींत एक नऊ वर्षांची मुलगी आहे, ती कोणाच्या आकड्यात येते ते पाहू. लॅपटॉप सहाच आहेत, तेव्हा तिघीतिघी बसू. चार्जर मात्र आपापले आणा.